काटकोनातला अँप

वायरिंगमधलं मला कुणी काही शिकवू नये. हे मी गर्वाने सांगत नाही, माहितीसाठी सांगतोय. मी लिफ्टचे कंट्रोल पॅनल बांधतो. तुम्ही लिफ्टमधल्या आरशात केस सारखे करत असता ना, तेव्हा वर मशीनरूममधल्या एका पत्र्याच्या कपाटात शेकडो वायरी तुमची काळजी वाहत असतात. त्या मी टाकलेल्या असतील, तर त्यातली एकही तिरकी सापडणार नाही. सगळ्या उभ्या नाहीतर आडव्या. वळण काटकोनात आणि दर चार बोटांवर मेणाच्या दोऱ्याची गाठ. वर्कशॉपमध्ये मला 'काटकोन' म्हणतात. माझ्या पाठीमागे म्हणतो असं त्यांना वाटतं. मला ऐकू येतं, आणि आवडतंही!

त्यामुळे बायकोने गिटारसाठी भाड्याचा अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर, ठरवला, हे ऐकून मला राहवलं नाही.

बायको शाळेत भूगोल शिकवते. पन्नाशीला टेकल्यावर तिला गिटारची हुक्की आली. मला वाटलं, खूळ आहे, जाईल. गेलं नाही. बोटांना घट्टे पडले, तरी बाई हटेना. मग तिच्या शाळेतल्या गणिताच्या बाई गाणार, शेजारची डेंटिस्ट ड्रम वाजवणार आणि ही गिटार, असा तिघींचा संच जमला. वाचनालयाच्या वार्षिक समारंभात त्यांना तीन गाणी मिळाली. शनिवारी संध्याकाळी. हिची स्टेजवर चढायची पहिलीच वेळ! तिसऱ्या गाण्यात मधेच बाकीच्या दोघी थांबणार आणि ही एकटी वाजवणार होती. तो तुकडा तिने स्वतः बसवलेला. मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत अख्ख्या शाळेला आमंत्रण गेलं होतं.

"भाड्याचा अँप? घरात मी असताना?" मी म्हणालो.

"अहो, तुम्ही लिफ्टवाले. हे वेगळं असतं ना?"

"वायर ती वायर! उलट लिफ्टमध्ये माणसं असतात. इथे नुसते सूर. सूर पडले तरी कुणाचा पाय मोडत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग विश्वासाने फोन उचलला आणि भाड्याचा अँप रद्द केला. तिची चूक इथेच झाली, असं सासूबाईंचं नंतर मत पडलं.

सासूबाई आमच्याकडेच असतात. मागे घसरून पडल्या, तेव्हापासून वॉकर घेऊन चालतात. आधी त्यांचं सगळं घर त्यांच्या एका आवाजावर हलायचं. आता त्यांनी साधी कपबशी उचलली तरी आम्ही दोघं ओरडतो, "आई, तुम्ही बसा!" त्या बसतात. पण बसून सगळीकडे लक्ष ठेवतात.

सुट्ट्या भागांतून अँप जोडायचं किट मी मागवलं, त्याचा खोका आला. त्यात पत्र्याचा साचा, विटेएवढे जड दोन ट्रान्सफॉर्मर, काचेचे व्हॉल्व्ह, रंगीत वायरींची भेंडोळी आणि एक पुस्तिका. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत पेटायचे तेच. पुस्तिका मी वाचली. नाही वाचली असं कुणी म्हणू नये. तिच्यात लिहिलं होतं की व्हॉल्व्ह तापवणाऱ्या दोन वायरींना एकमेकींभोवती घट्ट पीळ द्या आणि त्या कोपऱ्यात दडपा. गिटारकडून येणारी वायर सगळ्यात जवळच्या वाटेने न्या, तिरकी गेली तरी चालेल. आत येणारी आणि बाहेर जाणारी वायर शेजारीशेजारी ठेवू नका. आणि वायरींच्या जुड्या बांधू नका.

तिरकी गेली तरी चालेल! मी पुस्तिका मिटली. असल्या पुस्तिका नवशिक्यांसाठी असतात. एकच सूचना मला पटली, की प्लग काढल्यावरही आत वीज साठलेली राहते, ती काढून टाकल्याशिवाय हात घालू नये. सुरक्षिततेच्या बाबतीत मी काटेकोर आहे. बाकी पीळबीळ दिलेली वायर म्हणजे न विंचरता शाळेत आलेलं पोर. ते माझ्या वर्गात चालत नाही.

जेवणाचं टेबल मी ताब्यात घेतलं. घरभर सोल्डरिंगचा वास. आम्ही सगळे ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो. पण काय अँप झाला म्हणून सांगू! सगळ्या वायरी एका जुडीत, खालून सरळ, मग काटकोन, मग वर, मग काटकोन. येणारी वायर, जाणारी वायर, तापवणारी वायर, सगळ्या बहिणी एका अंथरुणावर. गाठी तर अशा, की मोजपट्टी लावून बघा. इतकं देखणं काम पत्र्याच्या झाकणाआड लपवायचं मला जिवावर आलं. मी मागचा पत्रा काढला आणि तिथे पारदर्शक प्लास्टिक बसवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं पाहिजे!

"छान दिसतंय," बायको म्हणाली. "वाजतंय का?"

मी बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू लालसर पेटले. स्पीकरमधून आवाज आला, "हंऽऽऽऽ."

"हे काय?"

"तापतोय."

तापून झालं तरी हंऽऽऽ चालूच. बायकोने गिटार जोडली, तार छेडली. तार ऐकू आली, पण शेजारी पिठाची गिरणी चालू असावी तशी.

"थोडी घरघर असतेच," मी म्हणालो. "जिवंतपणाचं लक्षण आहे."

मी आत पुन्हा पाहिलं. जुडीत मला एक वायर किंचित पोटातून सुटलेली दिसली. हेच कारण! मी आणखी गाठी मारल्या. आता जुडी इतकी घट्ट झाली की वायरींनाही श्वास घेता येईना. अँप लावला. घरघर जरा वाढली, पण मी ते बोललो नाही.

तेवढ्यात आवाज ऐकून सासूबाई वॉकर टेकत टेकत खोलीत आल्या. त्या अँपच्या उजव्या बाजूला आल्या मात्र, आणि अँपने भोंगा काढला! कुईऽऽऽऽ! कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा. सासूबाई दचकून मागे सरकल्या. अँप गप्प. त्या पुन्हा पुढे आल्या. कुईऽऽऽऽ! मागे. गप्प.

"जावईबापू," त्या शांतपणे म्हणाल्या, "हे माझ्यावर ओरडतंय."

"छे छे, आई! योगायोग आहे."

"मग तुम्ही येऊन दाखवा."

मी उजवीकडून गेलो. अँप गप्प. बायको गेली. गप्प. सासूबाई आल्या. कुईऽऽऽऽ!

आता यात शास्त्र आहे. मागे पत्र्याऐवजी प्लास्टिक असल्यामुळे आतल्या वायरींना बाहेरच्या धातूची चाहूल लागत होती. सासूबाई, शिवाय त्यांचा ॲल्युमिनियमचा वॉकर, दोन्ही मिळून अँपचं डोकं फिरत होतं. पण हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी एवढंच म्हणालो, "आई, तुम्ही जरा लांबच राहा."

झालं! सासूबाईंनी वॉकर वळवला आणि खोलीत जाऊन मुलाला फोन लावला. भिंत पातळ आहे. मला सगळं ऐकू आलं. दहा मिनिटांत मेव्हण्याचा मला फोन.

"भावजी, आईवर अलार्म बसवलाय म्हणे तुम्ही?"

"अलार्म नाही हो, अँप आहे!"

"ती खोलीत आली की वाजतो ना?"

"वाजतो."

"आणि तुम्ही आलात की वाजत नाही?"

"नाही."

"मग अलार्मच की! मी येतो तिला न्यायला."

बायको माझ्याशी बोलेना. ती अँपकडे बघायची, मग कॅलेंडरकडे बघायची. भाड्याचा अँप पुन्हा विचारला, तर तो दुसऱ्याने नेला होता. "मी मुलांना सांगितलंय," ती एकदाच म्हणाली, "की शनिवारी तुमच्या बाईंना ऐका." तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की मला भोंगा परवडला असता. मी पत्र्याचं झाकण परत लावून पाहिलं. तर पत्रा त्या जुडीला इतका चिकटून बसला की भोंगा कायमचाच सुरू! मी झाकण काढून पुन्हा प्लास्टिक लावलं.

"त्या गाठी सोडून बघा ना," बायको म्हणाली. "पुस्तकात लिहिलंय, जुड्या बांधू नका."

"पुस्तकात! माझी बांधलेली जुडी आजवर कुणी सोडलेली नाही. इन्स्पेक्टरनेही नाही!"

एवढ्यात मेव्हणा दारात. सासूबाई बॅग भरून तयारच होत्या. वॉकरवर बॅग अडकवली, ठेवणीतली शाल घेतली, आणि माझ्याकडे न बघता निघाल्या.

"मला काढायचंच होतं तर तोंडाने सांगायचं," दाराकडे जाता जाता त्या म्हणाल्या. "त्यासाठी यंत्र कशाला बनवलं?"

उजव्या बाजूचा त्यांनी धसका घेतला होता. म्हणून या वेळी त्या अँपच्या डावीकडून निघाल्या. अँप चालूच होता. आणि काय सांगू! घरघर थांबली! नुसती कमी नाही, गायब! खोलीत अशी शांतता पसरली की घड्याळाची टिकटिक ऐकू आली. बायकोने घाईघाईने तार छेडली. स्वच्छ, गोल, लोण्यासारखा सूर!

"आई, थांबा!" मी ओरडलो. "जाऊ नका!"

सासूबाई थांबल्या. वळल्या. त्यांचे डोळे भरून आले. "अहो, एवढा जीव आहे का तुमचा माझ्यावर?"

"हलू नका! तिथेच उभ्या राहा! वॉकर जरा पुढे. अजून. बास!"

मेव्हण्याने बॅग खाली ठेवली. सासूबाईंचे डोळे लगेच कोरडे झाले.

"मी काय मीटर आहे का?" त्या म्हणाल्या.

पण मीटरच होत्या. आम्ही सगळे प्रयोग केले. डावीकडे नुसता वॉकर ठेवला, घरघर परत. वॉकर धरून मेव्हण्याला उभं केलं, घरघर आणि वर कण्हणं. मी उभा राहिलो तर भोंगाच. लोखंडी स्टूल, इस्त्री, शिडी, सगळं झालं. उंची, अंग, वॉकर, शाल, काय कसं जुळून आलं होतं देव जाणे, पण डावीकडे सासूबाईच लागत होत्या.

"म्हणजे मी नसले तर हा वाजणार नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

त्यांनी शाल नीट केली. "बॅग आत ने," त्या मुलाला म्हणाल्या. "मला शनिवारी काम आहे."

तेव्हापासून सासूबाईंचा नूरच पालटला. तालमीला सगळ्यांच्या आधी हजर. डेंटिस्टबाईंना उशीर झाला तर यांच्याकडून बोलणी. कुणी "आई, बसा" म्हटलं की या म्हणायच्या, "बसून कसं चालेल? अँप कोण सांभाळणार?" गणिताच्या बाईंनी खडूने जमिनीवर फुली मारून दिली, वॉकरचे पाय कुठे टेकायचे त्याची. बायकोने गाठी सोडण्याचा विषय पुन्हा काढला. मी म्हणालो, "कशाला? चाललंय ना!" आईकडे बघून तीही गप्प बसली. माझी जुडी वाचली म्हणून मी मनात खूश होतो. खोटं कशाला बोला?

शनिवारी वाचनालयाचा हॉल गच्च भरला. पहिल्या दोन रांगा शाळेतल्या पोरांनी अडवलेल्या. स्टेजवर मधे गणिताच्या बाई, मागे डेंटिस्टबाई, उजवीकडे गिटार घेऊन बायको, तिच्यामागे अँप, आणि अँपच्या डावीकडे खडूच्या फुलीवर ठेवणीतल्या शालीत सासूबाई. ताठ उभ्या! पहिलं गाणं झालं. टाळ्या! दुसरं झालं. टाळ्या! बायकोच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. मी शेजारच्या माणसाला कोपराने ढोसून म्हणालो, "तो अँप आपण केलाय."

तिसरं गाणं सुरू झालं. आणि वाचनालयाचे चिटणीस अस्वस्थ झाले. सज्जन माणूस. त्यांना इतका वेळ एकच गोष्ट खुपत होती. एवढ्या वयाच्या आजी वॉकर धरून उभ्या आणि आपण सोफ्यावर बसलोय! गाणं थांबून बायकोचा एकटीचा तुकडा सुरू झाला, तशी त्यांनी संधी साधली. वाकून, पायांचा आवाज न करता ते स्टेजवर चढले आणि सासूबाईंच्या कोपराला धरून म्हणाले, "चला आजी, पुढे सोफ्यावर बसा."

सासूबाई मान हलवून नको नको म्हणत होत्या. मी खालून हात हलवत होतो. चिटणीसांना वाटलं, दोघंही संकोच करतायत. आपल्याकडे संकोच म्हटला की समोरच्याला आग्रहाचा चेवच येतो! त्यांनी सासूबाईंना जवळजवळ उचललंच, आणि अँपच्या मागून वळसा घालून उजव्या बाजूने जिन्याकडे नेलं. उजव्या बाजूने!

कुईऽऽऽऽऽऽ!

हॉलमधल्या पोरांनी कानांवर हात ठेवले. सासूबाई खाली सोफ्यावर पोचल्या, तरी भोंगा थांबेना. माजलाच होता तो. बायकोची बोटं तारांवर जागच्या जागी थिजली. तिने अँपकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. जमिनीकडे पाहत राहिली. इतके दिवस रोज उराशी धरून बसवलेला तुकडा, आणि तो नेमका अर्ध्यात मेला. मंडळी, मला माझी लाज वाटली. गाठींसाठी मी त्या बाईचा सूर पणाला लावला होता.

मी स्टेजवर धावलो, प्लग उपटला. स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात असतोच, स्वतःच्या लग्नातही होता. साठलेली वीज काढून टाकायला वेळ लागतो. तेवढा वेळ अख्खा हॉल माझ्या पाठीकडे बघत होता. मागून एक पोरगं विचारत होतं, "हे काका पण संचात आहेत का?"

"कात्री!" मी म्हणालो.

डेंटिस्टबाईंनी पर्समधून कात्री काढून माझ्या हातावर ठेवली, दवाखान्यात ठेवतात तशीच. मी पहिली गाठ कापली. दुसरी कापली. सगळ्या कापल्या. वायरी कोंडलेल्या पोरांसारख्या उसळून बाहेर आल्या. मग प्लग लावला, एक हात खिशात घातला, कारण आता आत वीज होती आणि दोन्ही हात लागले तर ती छातीतून जाते, आणि डेंटिस्टबाईंची ड्रमची काडी मागून घेतली. कोरडं लाकूड, धोका नाही. त्या काडीने एकेक वायर ढकलायला लागलो. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या दोघींना कोपऱ्यात दडपलं. घरघर निम्मी झाली. बाहेर जाणारी वायर लांब सारली. भोंग्याचं कण्हणं झालं. राहिली गिटारकडून येणारी वायर. ती काडीने उचलली आणि सगळ्यात जवळच्या वाटेने टाकली. म्हणजे तिरकी. अगदी तिरकी, कोपऱ्यातून कोपऱ्यात!

भोंगा बंद. घरघर बंद. सासूबाई समोर सोफ्यावर, तरी बंद!

"वाजव," मी बायकोला म्हणालो.

तिने डोळे पुसले आणि तुकडा पहिल्यापासून सुरू केला. काय वाजवलं हो तिने! मला गाण्यातलं काही कळत नाही, पण हे कळलं. पोरं बाकांवर उभी राहिली. मुख्याध्यापकही उभे राहिले. मी अँपमागे बसून त्या तिरक्या वायरीकडे बघत होतो आणि तिच्यासाठीही टाळ्या वाजवत होतो.

नंतर स्टेजवर साउंडवाला आला. त्याने मागून आत डोकावून पाहिलं आणि मला म्हणाला, "काका, वायरिंग कुणी केलंय हो? एकदम जाणकार माणूस दिसतोय!" मी स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई खोलीतून बाहेर आल्याच नाहीत. बायको चहा घेऊन गेली आणि तसाच कप घेऊन परत आली.

"काय झालं?" मी विचारलं. "कालचं छान झालं ना?"

"ती म्हणते, छान झालं. म्हणते, माझ्याशिवाय वाजलं, बरंच झालं." बायको ओट्याला टेकून उभी राहिली. "पुढच्या महिन्यात शाळेत कार्यक्रम आहे. मी म्हटलं, आई, तू चल. तर म्हणते, मी येऊन काय करू? बसू?"

मी तिच्या हातातला कप घेऊन ओट्यावर ठेवला.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "एखादी गाठ परत मारता येईल का? फार नको. नुसती घरघर येण्यापुरती."

नोकरीत आजवर मला कुणी मुद्दाम बिघाड करायला सांगितलेलं नाही. पण मी अँप टेबलावर घेतला, वीज काढली, मेणाचा दोरा घेतला आणि दोन वायरी शेजारी आणून एक गाठ मारली. बटण दाबलं. हंऽऽऽऽ. पलीकडच्या खोलीतून वॉकरचा आवाज आला. सासूबाई दारात.

"बघू, सरका," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नाही जमायचं ते." आणि डावीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

घरघर थांबली. शाळेतल्या कार्यक्रमालाही त्या तिथेच उभ्या होत्या, आणि या वेळी पाहुणे म्हणून आलेल्या वाचनालयाच्या चिटणीसांना मी दारातच बसवून घेतलं होतं. मेव्हणा सगळीकडे सांगतो, भावजींना ते अँपचं काही जमलं नाही, आई आहे म्हणून चाललंय. सांगू दे. आता त्या अख्ख्या अँपमध्ये माझ्या हातचं म्हणावं असं एकच काम शिल्लक आहे, ती एक गाठ. इतकी सरळ आणि सुबक गाठ मी जन्मात मारली नसेल, आणि अँप बिघडतो तो तिच्यामुळेच!